नवं गिऱ्हाईक कोण? तुम्हीच, बाई!

मैत्रिणींनो, घरात दहा ते सोळा वर्षांचे मूल असेल, तर 'स्विच टू' हे नाव एव्हाना तुमच्या कानावरून गेले असणारच. पुण्याच्या आतेभावाकडे पाहिलेले असते, नाहीतर अमेरिकेहून आलेल्या मामाने बॅगेतून काढलेले असते. मग लागतो लकडा. "आई, या परीक्षेत नव्वद टक्के पडले तर घ्यायचा हं!" आणि तुम्ही पोळी तव्यावर टाकता टाकता विचारता, "अरे, हॉलमध्ये टीव्ही आहे, तीन माणसांत चार मोबाईल आहेत. आता हे आणखी काय नवीन?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि गंमत सांगू? तुम्ही हा प्रश्न विचारणार, हे जपानात क्योटो शहरातल्या एका कंपनीला कधीपासून ठाऊक आहे. निन्टेन्डो तिचे नाव. मुलांना खेळ विकणे तिला अवघड जात नाही. तिची खरी धडपड असते, ती ज्याने आजवर अशा यंत्राला हात लावलेला नाही त्या माणसाला वळवण्याची. हे माणूस बहुतेक घरांत बाई असते, आणि घरखर्चाचे पाकीटही तिच्याच कपाटात असते. तेव्हा हे नवे यंत्र नवी गिऱ्हाइके मिळवील की नाही, हे क्योटोच्या कचेरीपेक्षा साताऱ्या-सांगलीतल्या तुमच्याआमच्या हॉलमध्ये लवकर कळेल. म्हणून जरा बैजवार बसून पाहू या.

आधी हे यंत्र आहे तरी काय? त्याला म्हणतात 'हायब्रीड'. हायब्रीड म्हटले की आपल्या भागातल्या सासूबाईंना ज्वारी आठवते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे ती घरोघर आली, पोती भरली, पण भाकरीला शाळूची चव काही आली नाही, अशी तक्रार अजून ऐकू येते. हे यंत्रही तसेच संकरित. एक वाण टीव्हीला जोडायच्या खेळाचा आणि दुसरा हातात धरायच्या खेळाचा. शाळेतल्या पाटीसारखा पडदा, त्याच्या दोन बाजूंना दोन मुठी. टीव्हीजवळ खाचेचे एक स्टँड ठेवायचे, त्याला 'डॉक' म्हणतात. पडदा त्या खाचेत उभा केला की खेळ टीव्हीवर दिसतो. उचलून घेतला की तोच खेळ, जिथे होता तिथून पुढे, हातातल्या पडद्यावर चालू! मुठी काढून दोघांनी एकेक धरली की दोघांचा डाव. पहिला स्विच ३ मार्च २०१७ रोजी आला, आणि हा दुसरा ५ जून २०२५ रोजी. नव्याचा पडदा ७.९ इंची आहे आणि वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर.

उचलून घेता येण्यात काय एवढे, असे वाटेल. पण ज्या घरात एकच टीव्ही आहे, तिथल्या बाईला संध्याकाळी सात ते दहाची कथा विचारा. सासऱ्यांच्या बातम्या, आपली मालिका, ह्यांची मॅच, आणि त्यात मुलाचे यंत्र टीव्हीला अडकवलेले! पडदा उचलून मूल बाजूला बसले की टीव्ही मोकळा. या एका गुणाला मी तरी पैकीच्या पैकी मार्क देईन.

तुमच्यापैकी ज्या आज चाळिशीत आहेत, त्यांना हा टीव्हीवरचा तंटा नवा नाही. निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र १९८३ साली जपानात निघाले, आणि त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगाव पोचल्या. कॅसेटवर छापलेले असायचे हजारो खेळांचे आकडे, आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून. चालली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची! मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदके पाडायचा खेळ. मे महिन्याच्या सुट्टीत तासावर पैसे देऊन खेळायची दुकाने निघायची, तिथे तर मुलींनी पाऊल टाकायची सोय नव्हती. घरी दोन रिमोट असायचे. पहिला भावाचा. दुसरा भावाच्या मित्राचा. आपल्या हाती तो यायचा मित्र जेवायला घरी गेल्यावर, आणि तेवढ्यात आईची हाक यायची, "अगं, पानं घे गं!"

म्हणून मला तर 'नवे गिऱ्हाईक' हा शब्दच थोडा खटकतो. बायकांना खेळ आवडत नाही असे कुणी म्हटले तर मी भांडेन. त्यांचा नंबरच लागला नाही, एवढेच खरे.

ही गोष्ट ज्याने ओळखली त्या माणसाचे नाव सातोरू इवाता. हे २००२ साली निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले आणि २०१५ साली वारले. कंपनी मूळची पत्ते करणारी, बरं का! १८८९ साली सुरू झाली ती फुलांची चित्रे असलेल्या जपानी पत्त्यांवर. (आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवतात ना? हा त्यांचाच दूरचा भाईबंद म्हणायचा.) इवातांनी हिशेब मांडला, की खेळणारे तेच ते तरुण दिवसेंदिवस जास्त कठीण खेळ मागतात आणि बाकीचे घर लांब जाते. म्हणून २००६ साली 'वी' नावाचे यंत्र काढताना त्यांनी एक कसोटी लावली, आईला हे घरात खटकता कामा नये. आकार दोन-तीन डीव्हीडीच्या डब्या एकावर एक ठेवल्याएवढा. रात्री यंत्र चालू राहिले तरी आतला पंखा बंद राहायला हवा, कारण घरघर ऐकू आली की आई वायरच उपटून टाकील! हातात धरायच्या वस्तूला त्यांनी आग्रहाने 'रिमोट' म्हणायला लावले. का? तर टीव्हीचा रिमोट घरातली आजीसुद्धा बिनधास्त उचलते.

मारिओचे जनक शिगेरू मियामोतो तर आणखी पुढचे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भाषणात त्यांनी सांगितले, की खेळ जमला की नाही हे ते बायकोवरून मोजतात. तिला व्हिडिओ गेमचे मुळीच कौतुक नव्हते. मोजपट्टीचा काटा खरा हलला तो मेंदूला व्यायाम देणाऱ्या, आकडेमोडीच्या साध्या खेळाने. वाचून मला हसू आले. इतकी मोठी कंपनी, आणि तिचा काटा एका गृहिणीच्या हाती!

डाव साधला. 'वी' दहा कोटींवर खपले. रिमोट हलवून टेनिस आणि बोलिंग खेळायचे, त्यामुळे परदेशात वृद्धाश्रमांतल्या आजी-आजोबांनीही ते खेळले. पण पुढे काय झाले ते आपल्याला चांगले समजेल, कारण प्रत्येकीच्या माळ्यावर एक फूड प्रोसेसर पडलेला असतो. हौसेने आणला, आठवडाभर गाजराचा कीस काढला, मग धुवायचा कंटाळा आला आणि पुन्हा विळीच बरी. 'वी' घेणाऱ्या कितीतरी नव्या गिऱ्हाइकांनी यंत्राबरोबर मिळालेला तो एकच खेळ खेळला, दुसरा विकतच घेतला नाही, आणि यंत्र कपाटात गेले. २०१२ साली त्याचा धाकटा भाऊ 'वी यू' आला, तेव्हा कित्येकांना तो जुन्याच यंत्राचा सुटा भाग वाटला. जेमतेम एक कोटी पस्तीस लाख खपला. नवी माणसे आली खरी, पण टिकली नाहीत.

या पार्श्वभूमीवर पहिल्या स्विचचे यश बघा. आजवर १५ कोटींहून जास्त नग गेले. यंत्र चांगले होते, आणि वेळही साधली. माणसाने गावकरी व्हायचे, घर बांधायचे, मासे धरायचे, बागेला पाणी घालायचे, असा एक शांत खेळ आहे, 'ॲनिमल क्रॉसिंग'. त्याचा नवा भाग आला २० मार्च २०२० रोजी. त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्याकडे जनता कर्फ्यू! सगळे जग घरात कोंडलेले, आणि या खेळात कुणाला मारायचे नाही, हरायचे नाही, घाई नाही. चार कोटींच्या वर प्रती खपल्या, आणि त्या घेणाऱ्यांत बायका खूप होत्या. त्याच दिवसांत आपल्याकडे काय चालले होते? नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' मोबाईलवर घेऊन सासू साताऱ्यात, सून सांगलीत, नणंद दुबईत, आणि रात्री अकरापर्यंत सोंगट्या मारणे चालू. म्हणजे खेळल्या आपणही. फक्त यंत्र विकत न घेता.

आता स्विच टू. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाख खपले आणि सप्टेंबर २०२५ संपेपर्यंत एक कोटीच्या पुढे गेले. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण रांगेत कोण होते ते पाहा. जपानात कंपनीच्या स्वतःच्या दुकानाने यंत्रे पुरणार नाहीत म्हणून सोडत काढली, तेव्हा २२ लाख अर्ज आले. आणि अर्जाची अट काय? जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असले पाहिजे आणि कंपनीची ऑनलाइन वर्गणी वर्षभर भरलेली असली पाहिजे! काळाबाजार रोखायला ती अट होती, तिच्यात चूक काढत नाही. पण जिने कधी खेळाला हात लावला नाही, ती बाई या दारातून आत कशी येणार? पहिला हंगाम जुन्या गिऱ्हाइकांचाच झाला. नवे गिऱ्हाईक यायचे ते यापुढे, आणि त्याला किंमत आडवी येते. अमेरिकेत पहिला स्विच ३०० डॉलरना निघाला होता, हा ४५० ला. आपल्या पैशात पहिला त्या वेळच्या दराने सुमारे वीस हजार, हा अडतीस-एकोणचाळीस हजार. 'मारिओ कार्ट'चा नवा खेळ एकटाच ८० डॉलरचा, म्हणजे जवळजवळ सात हजारांचा.

हे झाले तिकडचे भाव. आपल्याकडची गोष्ट वेगळीच आहे. निन्टेन्डोने पहिला स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही, आणि जून २०२५ मध्ये दुसरा आला तेव्हाही देशांच्या यादीत भारत नव्हता. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत आणि मारुती चौकापासून विश्रामबागेपर्यंत मोबाईलची दुकाने मोजायला गेलात तर बोटे पुरणार नाहीत. पण हे यंत्र मिळते ते कुणी दुबईहून, सिंगापूरहून आणलेले, वर दुकानदाराचा नफा चढवलेले. बिघडले तर? वॉशिंग मशीन बिघडले की आपण फोन करतो आणि कंपनीचा माणूस हत्यारांची पेटी घेऊन दारात येतो. इथे येणार कोण? पहिल्या स्विचच्या मुठींत एक खोड होती. काही दिवसांनी बोट न लावताही खेळातले माणूस आपोआप एका बाजूला सरकत राही. २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. अमेरिकेत दुरुस्ती करून मिळाली. आपल्याकडे ज्याने त्याने आपापला कारागीर शोधला.

नवे यंत्र नव्या गिऱ्हाइकाच्या गळी कसे उतरवायचे, हे शिकायला खरे तर जपानला जायला नको. सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला म्हणे दोन वर्षे लागली! १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला. नांगर खपला तो शेतकऱ्याला त्याच्याच रानात पटला म्हणून, आणि मोडला तर फाळ मिळेल याची खात्री होती म्हणून. (त्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिकही निघू लागले. यंत्राबरोबर वाचणारी बाईही घडली पाहिजे, हे त्या मंडळींना कळत होते.) निन्टेन्डोने आपल्या रानात अजून नांगर आणलाच नाही, मग शेतकऱ्याला बोल कसा लावायचा?

तुम्ही म्हणाल, मग विषयच मिटला. एवढा महाग, दुरुस्ती नाही, मराठी तर सोडाच, यंत्रात हिंदीही नाही. मोबाईलवर फुकट खेळ आहेत, खेळू दे पोरांना.

इथे मात्र जरा थांबा. त्या 'फुकट'चा हिशेब एकदा मांडायला हवा.

साताऱ्यात माझी एक मावसबहीण राहते. तिचा मुलगा आठवीत. वडिलांच्या जुन्या मोबाईलवर एक फुकट खेळ खेळायचा. खेळ फुकट, पण त्यातल्या पात्राचा अंगरखा ४९ रुपये, बंदुकीचा रंग ९९, पुढची पातळी लवकर उघडायची तर १९९. घरच्या खात्याला मोबाईल जोडलेला, पासवर्ड मुलाला पाठ. दोन महिन्यांनी बहीण पासबुक भरायला बँकेत गेली, तेव्हा अकरा हजारांवर रक्कम गेलेली. घरपट्टीचे आणि क्लासच्या फीचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. मुलाला ओरडून झाले, रडून झाले, आणि मग पोरगे म्हणाले, "आई, यापेक्षा स्विच घेतला असता तर निदान यंत्र तरी घरात राहिलं असतं." ती मला फोनवर म्हणाली, "मला एवढा राग आला! पण उत्तर सुचेना गं."

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून बंदी आणली, ते बरेच झाले. पण अंगरखे आणि बंदुकीचे रंग त्या कायद्यात येत नाहीत. ते दुकान चोवीस तास उघडे आहे, आणि त्याचा गल्ला मुलाच्या अंथरुणात असतो. स्विचचा व्यवहार निदान जुन्या वळणाचा. खेळ घ्यायचा तर मोठ्या माणसाने पाकीट उघडायचे, नखाएवढे कार्ड घरी आणायचे, आणि ते खेळून झाले की मैत्रिणीच्या मुलाला द्यायचे किंवा विकून टाकायचे. (यंत्रात ऑनलाइन दुकान आहेच, बँकेचे कार्ड तिथे जोडायचे नाही, म्हणजे झाले.)

पण मैत्रिणींनो, यंत्राचा जो गुण मी वर वाखाणला, तोच त्याचा अवगुणही आहे. टीव्हीपासून उचलता येते, म्हणजे पांघरुणातही नेता येते! जुने यंत्र हॉलमध्ये खुंट्याला बांधलेले असायचे. आई येता-जाता बघायची, काय चाललंय ते कळायचे. हायब्रीड यंत्राने टीव्ही मोकळा केला आणि आईची नजरही चुकवली. कंपनीला हे उमगले आहे. पहिल्या स्विचबरोबरच तिने आईबापांसाठी मोबाईलवरचे ॲप दिले. रोज किती वेळ खेळायचे ते ठरवता येते, वेळ संपली की खेळ बंद पाडता येतो, कोणता खेळ किती वेळ चालला तेही कळते. जाहिरात तर अशी केली, की मारिओच्या गोष्टीतला तो दुष्ट कासवराक्षससुद्धा आपल्या पोराच्या खेळाचे तास मोजतो! सोय चांगली आहे. तरी मला विचाराल तर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रात्री साडेनऊला पडदा डॉकमध्ये, आणि डॉक हॉलमध्येच. ते ॲपही तुम्हीच बसवायचे, मुलाकडून बसवून घ्यायचे नाही. कुलपाची किल्ली कुणी चोराकडून करून घेते का?

आणि आता खरी गोष्ट. मुलाचे यंत्र म्हणून ते घरात आले, तर तुम्ही गिऱ्हाईक झालात असे मी म्हणणार नाही. तुम्ही फक्त पैसे भरणाऱ्या झालात. गिऱ्हाईक व्हायचे तर जेवणे उरकल्यावर तुमचा हात मुठीकडे गेला पाहिजे. जाईल का? माझ्या मते जाईल, पण मुलाच्या खेळांनी नाही. २०२० साली निघालेला 'क्लबहाऊस गेम्स' नावाचा एक खेळ आहे. एकाच कार्डात जगातले ५१ बैठे खेळ. त्यात लुडो आहे, कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, पत्त्यांच्या जोड्या लावायच्या आहेत, आणि आपल्या 'बदाम सात'चा सख्खा भाऊ आहे. शिकवायला मुलगा लागत नाही, हे आपल्याला येतेच! सांगलीत तर भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींना पटावर बसवले. स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली ती याच सांगलीची. अशा गावातल्या बायकांना डोक्याचा खेळ नको असेल, हे मला पटत नाही.

अर्थात लगेच शंका येते. खरा कॅरम बोर्ड याच्या कितीतरी कमी पैशांत येतो, चार्ज करावा लागत नाही, आणि बोरिक पावडर सोडली तर वरखर्च नाही. स्विच टूची बॅटरी दोन ते साडेसहा तास टिकते. लाईट गेली तर तेवढा वेळ खेळ चालेल, बोर्ड मात्र मेणबत्तीवर रात्रभर. मग यंत्र कशाला? माझे उत्तर एवढेच, की पंधरा वर्षांचा मुलगा कॅरमला बोलावले तर येत नाही, आणि याला बोलावावे लागत नाही. आई, मुलगा आणि आजी एका डावात बसवायला जर हे यंत्र उपयोगी पडत असेल, तर तेवढ्यापुरते ते मला पटते. नुसत्या मुलासाठी चाळीस हजार मला पटत नाहीत.

म्हणून माझा अंदाज विचाराल, तर स्विच टू आजच्या भावाने आपल्या भागात नवी गिऱ्हाइके फारशी आणणार नाही. ते घेतील इंजिनिअरिंगची मुले, पुण्याच्या आयटीतून शनिवारी घरी येणारे भाऊ-दीर, आणि ज्यांचा मामा परदेशात आहे ते. आपल्यासारखीच्या घरी आला तर येईल पहिला स्विच, कुणाचा तरी वापरलेला. नवा घेतलेल्यांनी जुना विकायला काढलाय, आणि तोच खरा संधीचा माल आहे. माझ्या बहिणीने हाच विचार केला आहे. तिच्या भिशीचा नंबर पुढच्या दोन महिन्यांत लागेल. गल्लीतल्या तिघीजणींनी आपापल्या घरी यंत्र घेऊन कार्डे मात्र वाचनालयातल्या पुस्तकांसारखी फिरवायची, असाही बेत चाललाय, आणि तो मला भलताच आवडला.

घ्यायचाच ठरला, तर बाजारात जाताना एवढे डोक्यात असू द्या. वापरलेला स्विच दुकानातच चालू करून पाहा. पडद्यावरचे माणूस आपोआप सरकत नाही ना, मुठी दोन्हीकडून घट्ट बसतात ना, डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर चित्र येते ना. इंटरनेटला जोडूनही बघा, कारण आधीच्या मालकाने नकली कार्डे वापरली असतील तर कंपनी त्या यंत्राचे ऑनलाइन दार बंद करून टाकते. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात भारताचा विभाग नाही, म्हणून शक्यतो कार्डावरचेच खेळ घ्या. पहिल्या स्विचची कार्डे बहुतेक कोणत्याही देशाची चालतात, आणि पुढेमागे स्विच टू घेतला तर त्यातही बहुतेक सगळी चालतील. स्विच टूच्या काही खेळांच्या कार्डात मात्र खेळच नसतो, नुसती किल्ली असते, आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. डबीवर खालच्या बाजूला तसे छापलेले असते, चष्मा लावून वाचा.

आणि कुणी "जपानचा आहे ताई, स्वस्तात देतो" म्हणाला तर भुलू नका. जपानात स्विच टूचे दोन प्रकार निघाले. एक ६९,९८० येनचा, सगळ्या भाषांचा. दुसरा ४९,९८० येनचा, ज्यात जपानीखेरीज दुसरी भाषा लावताच येत नाही आणि जपानचेच खाते लागते. स्वस्त असतो तो हाच. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा विजेची काळजी नको. पण पिना चपट्या असतात. भिंतीतल्या आपल्या प्लगमध्ये बसवायला एक जोड लागेल, तो त्याच दुकानदाराकडून फुकट मागून घ्या.